टोरांटो ते नागपूर, सरळ रेषेत

दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर सांगणारी एक वेबसाइट आहे. टोरांटो ते नागपूर, बारा हजारांवर काहीशे किलोमीटर, विमानाला साधारण पंधरा तास. खाली नकाशा, नकाशावर दोन टिंबं आणि त्यांना जोडणारी एक निळी रेघ. जानेवारीपासून मी ते पान इतक्यांदा उघडलं होतं, की पहिलं अक्षर टाइप केलं की बाकीचं फोन स्वतःच भरायचा.

असं विमान नाही. ती वेबसाइट अंतराला वेगाने भागते, एवढंच. खरं विमान दिल्लीला जातं, तेही हल्ली वळसा घालून. मग दिल्लीला ताटकळायचं, मग नागपूर. मार्कहॅममधल्या आमच्या बेसमेंटच्या दारापासून सासरच्या फाटकापर्यंत दीड दिवस सहज जातो. हे सगळं ठाऊक असूनही मी पंधरा तास धरून चालले होते. माझी लेक रुचा तिकडे तापाने फणफणली तर मी पंधरा तासांत पोचेन, असं मी अंघोळ करताना, बसस्टॉपवर, लॅबमध्ये हातमोजे चढवताना स्वतःला सांगत असे.

आणि मुळात मी पोचणारच नव्हते. माझं वर्क परमिट संपलं होतं. नवीन येईपर्यंत कामावर राहायची मुभा होती, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की ती मुभा संपते. पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची फाईल माझ्या नोकरीवर उभी, माझ्या नवऱ्याचं, उन्मेषचं परमिट माझ्या परमिटवर उभं. आम्हा दोघांना हलता येत नव्हतं. हलता येत होतं ते फक्त रुचाला, कारण ती इथे जन्मली. तेरा महिन्यांची पोर, चार दात, आणि कॅनडाचा निळा पासपोर्ट. त्यातल्या फोटोत तिचे डोळे मिटू नयेत म्हणून उन्मेष फोटोग्राफरच्या मागे उभा राहून चाव्या वाजवत होता.

तिला आजीबरोबर नागपूरला पाठवायचं, हे ठरलं होतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. कॉलेजसाठी आलेल्या, मग नोकरीला चिकटलेल्या आमच्यासारख्यांमध्ये आता ही रीतच पडली आहे. आजी-आजोबा बाळंतपणाला येतात आणि परत जाताना मूल घेऊन जातात. पीआर झाली की आणायचं. डेकेअरमध्ये एवढ्या लहान मुलांसाठी जागा नसते. आमचं नाव तीन ठिकाणी वेटिंगवर होतं आणि एका ठिकाणाहून तर अजून पोचपावतीही आली नव्हती. उन्मेषची सॉफ्टवेअरची नोकरी मागच्या वर्षी गेली, तेव्हापासून तो एका वेअरहाऊसमध्ये दिवसपाळी करत होता. मी पहाटे अन्नतपासणीच्या लॅबमध्ये. सासूबाईंचे इथले सहा महिने संपत आले होते, आणि तिकडे सासरे, हेमचंद्र, डब्यावर जगून शुगर वाढवून बसले होते. चारी बाजूंनी विचार केला तरी उत्तर एकच यायचं, आणि ते मीच आधी बोलून दाखवलं होतं.

माधवी माझी लंडनच्या कॉलेजातली मैत्रीण, हे इथलं ओंटॅरिओतलं लंडन. तिने आपला मुलगा आठ महिन्यांचा असताना जळगावला पाठवला आणि तो तीन वर्षांचा झाल्यावर आणला. मी फोन केला तेव्हा म्हणाली, काही नाही गं, आता मस्त सेटल झालाय. मग थोड्या वेळाने, दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता म्हणाली, की संध्याकाळ झाली की तो बूट घेऊन येतो आणि अगदी शहाण्यासारखा विचारतो, आता घरी जायचं का. चार महिने झाले आणून. माधवी हे सांगताना हसली. मीही हसले.

सासूबाईंचं नाव शीला. मी त्यांना आई म्हणते. त्या ऑक्टोबरात आल्या तेव्हा त्यांना जबरदस्त सर्दी होती. तिकीट बदलता आलं नाही म्हणून तशाच विमानात बसल्या. एअरपोर्टवर बाहेर आल्या त्याच कान दाबत. "कान बसले बापा माझे," म्हणाल्या. त्यावर आम्ही सगळ्यांनी सल्ले दिले. उन्मेष म्हणाला जांभई दे, मी म्हटलं वाफ घ्या, फोनवरून सासरे म्हणाले नाक धरून फुंक मार. आठवडाभर हे चाललं. मग त्यांनी कानाचं नाव काढलं नाही आणि आम्ही धरून चाललो की कान उघडले.

नागपूरच्या घरी आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. मी नाशिकची, माझ्या भाजीत गूळ का, पोळी एवढी पातळ का, यावर त्यांचं काही ना काही म्हणणं असे. इथे आल्यावर मात्र त्या मी म्हणेन त्याला हो म्हणू लागल्या. रुचाला मध नको, हो. टीव्ही नको, हो. पाठीवरच झोपवायचं, हो हो. मी उन्मेषला म्हटलंसुद्धा, कॅनडाची हवा मानवली तुझ्या आईला. तो म्हणाला, सहा महिने तरी नजर लावू नकोस.

मार्चच्या शेवटी एका दुपारी मी शिफ्ट संपवून आले. दार उघडण्याआधीच मला तो आवाज ऐकू आला. छतावरच्या स्मोक अलार्मची बॅटरी उतरली की तो मिनिटा-मिनिटाला एकदा चीत्कारतो. कानात सुई टोचावी तसा बारीक, तीक्ष्ण. आत आले तर आई त्या अलार्मच्या बरोबर खाली चटईवर बसल्या होत्या आणि रुचाला तेल लावत होत्या. दर चीत्काराला रुचा वर बघायची. आई बघत नव्हत्या. त्या तिच्या पावलाला अंगठ्याने तेल जिरवत काहीतरी गुणगुणत होत्या.

मी दारात बूट न काढता उभी राहिले. एक चीत्कार, दुसरा, तिसरा. मग वरून घरमालकीण खाली आल्या. त्या तमिळ, आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलतात. "सुबह से बज रहा है," म्हणाल्या, आणि स्वतःच स्टूलवर चढून बॅटरी बदलून गेल्या. आईंनी त्यांच्याकडे बघून छान हसून मान डोलावली.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. खरं तर मी बघणारीच आहे, माझं कामच ते. लॅबमध्ये काचेच्या बशीत काय उगवतंय ते रोज बघत बसते. आता मागचं सगळंच वेगळं दिसायला लागलं. आई सोफ्याच्या डाव्या टोकालाच का बसतात, म्हणजे सगळे त्यांच्या उजव्या हाताला येतात. रुचाला नेहमी उजव्या कडेवर का. व्हिडिओ कॉलवर त्या आपलं आपलं सांगून मोकळ्या का होतात आणि सासरे काही विचारू लागले की फोन उन्मेषच्या हातात का देतात. मी त्यांच्या मागे उभी राहून हळूच बोलू लागले. "आई, भात लावू का?" काही नाही. जरा मोठ्याने. काही नाही. उजवीकडून बोललं की वळायच्या. डावा कान गेला होता, आणि उजवाही निम्माशिम्माच होता.

मी ऑनलाइन वाचलं. अचानक असा कान गेला तर पहिल्या काही आठवड्यांतच उपचाराचा उपयोग होतो, असं सगळीकडे लिहिलं होतं. आता एप्रिल उजाडला होता.

तिकिटं अकरा दिवसांवर होती. मला काय वाटलं ते सांगायचं तर आधी भीती वाटली आणि लगेच तिच्या मागोमाग काहीतरी हलकं वाटलं. माझ्या हातात कारण आलं होतं.

उन्मेषला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, ताटं पुसता पुसता. त्याने आधी विश्वासच ठेवला नाही. तुला पाठवायचंच नाहीये, म्हणून तू काहीही शोधून काढतेस, असं म्हणाला. कालपर्यंत तुला तिच्या हातच्या तेलाची भीती होती, परवा मच्छरांची, आज कान. हे बरंच खरं होतं. आई सिंककडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून डाळ धूत होत्या. रुचा उंच खुर्चीत बसून चमचा आपटत होती.

मी आवाज अजिबात न चढवता, रोज बोलते तसं म्हणाले, "तुझ्या आईला ऐकू येत नाही, उन्मेष. ती इथे उभी आहे आणि आपण तिच्याबद्दल बोलतोय. बघ."

तो बघत राहिला. आईंचा हात डाळीत फिरत होता. उन्मेषने हाक मारली, "आई." मग पुन्हा, "आई." रुचाने चमचा थांबवला आणि आमच्याकडे बघितलं. तिला ऐकू आलं होतं.

उन्मेष खुर्चीत बसला. मग बोलायला लागला तो थांबेना, आणि मीही थांबले नाही. दिल्लीला गेट बदललं तर अनाउन्समेंट कशी कळणार हिला. रात्री पोर रडली तर. बाबा तर गोळी घेऊन झोपतात, त्यांचा काय उपयोग. गॅसवर दूध ठेवून विसरली तर. रस्त्यावर मागून स्कूटर आली तर. तो म्हणाला, सहा महिने आपल्याला फसवलं तिने. मी म्हटलं, मी रोज पहाटे माझी पोर कुणाच्या भरवशावर टाकून जात होते. हे सगळं आम्ही तिच्या चार पावलांवर, साध्या आवाजात बोललो. कुजबुजायचंही कारण नव्हतं. तेवढंच लाजिरवाणं आणि तेवढंच सोपं होतं ते.

आईंनी नळ बंद केला. वळल्या नाहीत.

"खिडकीत दिसून राहिले दोघं," त्या म्हणाल्या. बाहेर अंधार पडला होता आणि सिंकवरच्या, बाहेरच्या जमिनीलगत उघडणाऱ्या छोट्या खिडकीत आमचं स्वयंपाकघर सगळं उमटलं होतं. "तोंडं चालली आहेत केव्हाची. माझंच चालू आहे नं?"

त्या हात पुसत वळल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आठवडाभर तू माझ्या मागे उभी राहून बोलते. तुझी सावली पडते ऊर्मी, समोर ओट्यावर. मला वाटलं होतं, समोर येऊन विचारशील."

उन्मेष त्यांच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, अगं सांगायचं ना. डॉक्टरकडे नेलं असतं.

"सांगितलं की एअरपोर्टवरच. तुम्ही जांभई द्या म्हणाले." हे त्या रागाने बोलल्या नाहीत. "मग वाटलं, उघडेल. मग वाटलं, आता सांगितलं तर हे पोरीला पाठवायचे नाहीत. बस्स."

त्यांनी रुचाला खुर्चीतून उचललं. पोरीने लगेच त्यांच्या ब्लाउजच्या बाहीत बोटं खुपसली. झोप आली की ती असंच करते. आई तिला धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याशीच बोलल्या, उन्मेषशी नाही.

"मी हिच्या पोटावर हात ठेवून झोपते. रडायच्या आधी पोट कडक होतं हिचं. तुला आवाज येऊन तू पलीकडच्या खोलीतून येते, तोवर माझं थोपटणं सुरू झालेलं असते. तू पाहिलं आहे ते."

मी पाहिलं होतं. कितीतरी वेळा मी धडपडत दारात पोचले होते आणि त्या आधीच जाग्या होत्या. एकदा तर मला रागही आला होता, की ही बाई झोपते केव्हा. सहा महिन्यांत रुचा पलंगावरून पडली नाही, भाजली नाही, तिला साधं नॅपी रॅशही झालं नाही. मी घरी असलेल्या शनिवार-रविवारी मात्र ती दोनदा पडली होती.

"पाठवणं न पाठवणं तुमच्या हातात," आई म्हणाल्या. "पण मला पोर सांभाळता येत नाही, असं नका म्हणू."

उन्मेष माझ्याकडे बघायला लागला. "तू सांग. तू म्हणशील तसं."

आता खरं सांगायचं तर माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. दिल्लीला व्हीलचेअरची सोय सांगता आली असती. ते लोक दारापासून दारापर्यंत सोडतात. गॅस, स्कूटर, दूध, सगळ्याला काहीतरी तोडगा होता. उरलं होतं ते एवढंच, की मला जमत नव्हतं. मला रुचा रोज हवी होती, मी दमलेली असताना, चिडलेली असतानाही. पण हे म्हणायचं तर जानेवारीपासून आम्ही मिळून जे रचलं होतं, ज्यात माझाच होकार पहिला होता, ते मी एका वाक्यात मोडणार. आणि उन्मेष आयुष्यभर म्हणणार, की पीआर गेली ती ऊर्मीच्या हट्टापायी.

"नाही पाठवायची," मी म्हणाले.

आईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ऐकू आलं की ओठ वाचले, ठाऊक नाही. "कानापायी?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "कानापायी."

त्यांनी मान हलवली. रुचाला उन्मेषकडे दिलं आणि डाळ चढवली.

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकमध्ये विचारलं. कानाच्या डॉक्टरांची तारीख जूनमधली मिळत होती. आई म्हणाल्या, राहू दे, नागपूरला दाखवते. रुचाचं तिकीट रद्द केलं. तिच्यासाठी घेतलेली छोटी बॅग आईंनी रिकामी केली आणि झबली घडी घालून परत माझ्या कपाटात ठेवली. सासऱ्यांना उन्मेषने फोनवर कारण सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे शीलाला ऐकूच येत नाही? आणि मग, मी इतके महिने फोनवर बोलतोय ते?

जायच्या दिवशी पुन्हा बर्फ पडला. एअरपोर्टला जाताना मी मागे रुचाच्या कारसीटशेजारी बसले होते. आई पुढे. उन्मेष गाडी चालवताना काही काही सांगत होता, दिल्लीला उतरल्यावर काय करायचं, कुणाला विचारायचं. त्या हो हो म्हणत होत्या. उन्मेष त्यांच्या डाव्या हाताला होता. मला ते दिसत होतं आणि मी काही बोलले नाही.

काउंटरवर व्हीलचेअर आली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "पाय धड आहेत माझे," त्या म्हणाल्या, "अन् खुर्चीत बसवून राहिले." तरी बसल्या. खुर्ची ढकलणारा पंजाबी मुलगा वाकून, मोठ्याने, "आंटी जी, फिकर नॉट," म्हणाला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं, की उन्मेषने त्याला सांगून ठेवलंय. त्यांनी रुचाचा पाय हातात घेतला, मोज्यावरून अंगठा फिरवला. मला म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर." मग तो मुलगा त्यांना घेऊन गेला. मागून हाक मारण्यात अर्थ नव्हता. रुचाने मात्र मारली. तिच्या भाषेत, दोनदा.

विमान वर असेपर्यंत ते कुठे पोचलं हे मी फोनवरच्या नकाशात बघत बसले. ग्रीनलंडच्या खालून विमानाचं छोटं पिवळं चिन्ह सरकत होतं. माझी पोर माझ्या मांडीवर झोपली होती आणि तरी मला तेच होत होतं जे ती गेली असती तर झालं असतं. उतरताना त्यांचा उरलेला कान कसा राहील, हे मी कुठल्याही वेबसाइटवर शोधलं नाही.

आता उन्मेष रात्रपाळी करतो. मी पहाटे निघते तेव्हा त्याची पाळी सुटत असते. लॅबच्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही गाडीची अदलाबदल करतो, म्हणजे मी उतरते, तो बसमधून येऊन ड्रायव्हर सीटवर बसतो, मागे रुचा झोपलेली असते. एकमेकांना काय सांगायचं ते तेवढ्यात सांगतो. तिने दूध घेतलं नाही. वायपर घासतोय. तो दिवसा तिच्याबरोबर जागा राहायचा प्रयत्न करतो. एकदा मी घरी आले तर तो चटईवर गाढ झोपला होता आणि रुचा त्याच्या बुटाची लेस चघळत बसली होती. मी लेस काढून घेतली आणि त्याला उठवलं नाही. फाईलवर अजून काही हललेलं नाही.

रविवारी आईंचा फोन येतो, व्हिडिओवर. पहिल्यांदा आला तेव्हा मी रुचाला घेऊन घाईने बसले, तिचे केस सारखे केले, फोन तिच्यासमोर धरला. नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते सासऱ्यांनी आधीच कळवलं होतं. कानाचं मशीन लावायला त्या तयार नाहीत. स्क्रीन उजळला. त्यावर आधी छताचा पंखा आला, मग काहीतरी मोठं, धुरकट. मला कळेना. मग कळलं. आईंनी फोन उजव्या कानाला घट्ट धरला होता. स्क्रीनभर त्यांचा कान, कुडीचा एक मोती आणि पांढरे केस.

"बोलव नं तिला," पलीकडून आवाज आला, "बोलव. मी ऐकून राहिली."

रुचा स्क्रीनवर चेहरा शोधत होती. मान वाकडी करून, जवळ येऊन, फोनच्या मागेही बघून. तिला आजी सापडली नाही तशी ती गप्प झाली. मी तिच्या कानात सांगितलं, म्हण, आजी म्हण. ती म्हणेना. आणि फोन कानापासून काढा, तिला तोंड दाखवा, हे मला काही केल्या त्या बाईला सांगता येईना.